नळाला सगळं दिसतं

८ जानेवारी

चि. चिंगीस आशीर्वाद. तूर्तास एकच. बाकीचे फोटो पाहून.

"मामा, तुझ्या कॅटलॉगचे फोटो मी फुकटात काढून देते," असं सुट्टीत आली होतीस तेव्हा तू छातीवर हात ठेवून म्हणाली होतीस. त्या फुकटाचा आजवरचा खर्च पुढीलप्रमाणे. नवे कोरे नळ तीन, पैकी एक तू जिन्यावरून पाडलास. त्याची चोच वाकडी झाली, तो नळ म्हणून विकता येत नाही आणि मोडीत घालायला जीव होत नाही, म्हणून खिडकीचं दार आपटू नये म्हणून मधे ठेवलाय. मामीची पांढरी चादर, जी तू प्रकाश गाळायला नेलीस आणि जी चहा गाळल्यासारखी परत आली. आमच्या पॉलिशकाकांची एक अख्खी दुपार. तू त्यांना म्हणालीस, "काका, असेच उभे राहा, बाजूने फार सुंदर उजेड पडलाय तुमच्यावर." तेव्हापासून ते काम करताना तोंड खिडकीकडे ठेवून उभे राहतात आणि नळ चाकावर कुठे टेकतोय ते बघत नाहीत. शेवटचा खर्च म्हणजे तुझ्या बाबांचा माझ्याशी अबोला. हा शेवटी धरलाय, कारण त्यात थोडा फायदाही आहे.

बाबांचं म्हणणं तुला ठाऊक आहेच. फोटोग्राफीच्या कॉलेजातलं या वर्षीचं शेवटचं काम पास झालं तर पुढे खुशाल फोटो काढत फिर. नापास झालीस तर मुकाट्याने परत यायचं आणि त्यांच्या औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून लोकांना खोकल्याच्या बाटल्या द्यायच्या. मी म्हटलं, "पोरगी पास होईल." ते म्हणाले, "तुम्ही जामीन राहता का?" मी हो म्हणून बसलो. आता बघ बाई.

मला कॅटलॉगची तशी निकड नाही. कारखान्यात पॉलिशची सहाही चाकं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फिरताहेत, मान वर करायला फुरसत नाही. पण एका नव्या हॉटेलच्या खरेदीबाई मागे लागल्यात, "काहीतरी छापील पाठवा." म्हणून हा खटाटोप.

फोन करू नकोस. इथे चाकांच्या आवाजात मला फक्त "मामा" आणि "ठेवते" एवढंच ऐकू येतं. नळाच्या खोक्यात पत्र घालत जा, मीही घालीन. कुरिअरला तेवढंच भाडं.

आणि एक. माझ्या नळात बघून माणूस दाढी करू शकतो. ती चकाकी फोटोत दिसली पाहिजे. नाहीतर नळाऐवजी वांगं छापलेलं काय वाईट?

मामा


१७ जानेवारी

मामा, नमस्कार. माझाही एकच.

तुझा नळ ही वस्तू नाही, गल्लीतली चहाडखोर बाई आहे. समोर जे जे असेल ते सगळं सगळ्यांना सांगते.

गेल्या महिन्यात मी शांपूची बाटली केली. बाटली बिचारी, कुठूनही उजेड टाका, गोडच दिसते. त्याच धुंदीत तुझा नळ टेबलावर ठेवला, फ्लॅश लावला, फोटो काढला. नळाच्या पोटात मी! कॅमेऱ्यामागे वाकलेली, डोकं मोहरीएवढं आणि मागची बाजू भोपळ्याएवढी. खाली बसून काढला, तर नळाच्या मानेत मी. टायमर लावून दाराबाहेर पळाले, तर माझ्याऐवजी ट्रायपॉड, आणि मागे दोरीवर वाळत घातलेलं जे काही होतं ते सगळं. ते फोटो पाठवत नाही.

आमच्या सरांना सगळे अंधारसर म्हणतात. वर्गात आले की आधी दिवे बंद करतात. मग म्हणतात, "आता एक लावा, आणि का लावलात ते सांगा." उत्तर पटलं नाही की तोही बंद. सुरुवातीचे कित्येक दिवस आम्ही एकमेकांच्या पायांवर पाय देतच शिकलो. त्यांना नळाचं सांगितलं तर म्हणाले, "नळावर उजेड टाकू नका. नळाला जे दिसतं त्यावर टाका." आणि दिवा बंद करून गेले.

त्यांनी परीक्षेची अटही सांगितली. गिऱ्हाईक खरं हवं, आणि मार्चमध्ये त्याने स्वतः येऊन सगळ्यांसमोर फोटो पसंत करायचा. गिऱ्हाईक आलं नाही किंवा त्याने नाक मुरडलं, तर नापास. म्हणजे तुला यावं लागेल. चाकं बंद ठेव एक दिवस.

माझी खोली इतकी लहान आहे की मोठा दिवा आत आणला की मी बाहेर. तरी दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर लावून, खिडकीवर जाड पडदा टाकून हे पाच फोटो काढलेत. मोठे करून छापलेत. नीट बघ आणि खरं सांग.

चिंगी


२४ जानेवारी

चि. चिंगीस,

नीट बघ म्हणालीस, बघितलं. खरं सांग म्हणालीस, सांगतो.

चौथ्या फोटोत नळाच्या पोटात, डावीकडे, एक दाढीवाला बसलाय. मांडीवर ताट आहे आणि तो जेवतोय.

अगं, मी आयुष्यभर पॉलिशवाला. लोक नळ बघतात तेव्हा नळ बघतात. मी नळ बघतो तेव्हा नळात काय दिसतंय ते बघतो. समोरच्या खिडकीचे गज सरळ दिसले तर पॉलिश बरोबर, गज वाकडे दिसले तर पुन्हा चाकावर. तुझ्या नळात खिडकी सरळ आहे, पडदा सरळ आहे, आणि दाढीवालाही चांगला सरळ बसलेला आहे. पॉलिशकाकांनाही दाखवला. ते म्हणाले, "भूक चांगली आहे पोराची."

मामीला दाखवला नाही. तिने माझ्या हातातून ओढून घेऊन पाहिला.

तर हा कोण? तुझ्या एवढ्याशा खोलीत, जिथे दिवा आला की तू बाहेर जातेस, तिथे हा मावला कसा? तुझ्या बाबांना मी काही बोललेलो नाही. बोलणारही नाही. आमचं बोलणं बंद आहे हे किती बरं झालं बघ.

आता फोटोंविषयी. नळ ओळखू येतो, एवढं म्हणेन. पण करडा दिसतोय. रात्रभर जागरण करून आल्यासारखा. चकाकी कुठाय?

मामा


२ फेब्रुवारी

मामा,

तो स्टँड आहे.

हसू नकोस. वर्गात त्याला सगळे स्टँडच म्हणतात. आमच्याकडे दिव्यांना पुरेसे स्टँड नाहीत, आणि हा उंच आहे, हात लांब आहेत, "जरा धर" म्हटलं की दिवा धरून तासन्‌तास उभा राहतो. त्या दिवशी दुपारपासून धरला होता. शेवटी म्हणाला, "मी जेवलो तर चालेल का?" मी म्हटलं, "जेव, पण हलू नकोस." म्हणून तो सरळ बसलाय. त्यात जे काही आहे ते एवढंच आहे. बाकी काही असेल तर ते मलाही अजून नक्की माहीत नाही, तेव्हा मामीने उगाच स्वेटर विणायला घेऊ नये.

आता कामाचं. मामीची तीच चादर धुऊन नळाभोवती तंबू केला. वरून, बाजूंनी, मागून, सगळीकडे पांढरं. चादरीला एक भोक पाडलं (मामीला सांगू नकोस) आणि त्यातून लेन्स आत घातली. दिवे तंबूच्या बाहेर. आता नळाला मी दिसत नाही, स्टँड दिसत नाही, वाळत घातलेलं काही दिसत नाही. फक्त पांढरं. फोटो काढला तर नळ दुधात बुडाल्यासारखा. कडा कुठे, वळण कुठे, काही पत्ताच नाही!

मग मी काहीतरी केलं. काय केलं ते सांगत नाही. सर म्हणतात, गिऱ्हाइकाला कृती सांगायची नसते, ताट वाढायचं असतं. दोन फोटो ठेवलेत. मी स्वतःवर बेहद्द खूश आहे.

लांब मानेचा नवा नळ पाठवणार होतास ना, तो पाठव. त्याआधी मामीच्या मोबाईलवरून त्याचा एक साधा फोटो धाड, म्हणजे तंबू केवढा करायचा ते कळेल.

चिंगी


९ फेब्रुवारी

चि. चिंगीस,

तुझे फोटो आले आणि इथे रणकंदन झालं.

चकाकी आली. अगदी पाण्यासारखी आली. पण नळाच्या दोन्ही कडांनी वरपासून खालपर्यंत काळे पट्टे! प्लेटिंगच्या, म्हणजे मुलामा चढवायच्या टाकीत नळ जास्त वेळ राहिला की कडा जळतात आणि काळ्या पडतात. असा माल माझ्या कारखान्यातून बाहेर गेला आणि तोही कॅटलॉगसाठी! मी फोटो घेऊन तडक पॉलिशकाकांकडे गेलो. आता प्लेटिंगही तेच बघतात. म्हटलं, "हे काय?" ते म्हणाले, "माझ्या हातून असा नळ जाणार नाही." मी म्हटलं, "मग हा काय आकाशातून पडला?" त्यांनी हात पुसले, डबा घेतला आणि घरी गेले. पुन्हा आलेले नाहीत.

गेले तर गेले. पाच माणसं आहेत अजून, काम अडत नाही.

तो जळका नळ ताबडतोब परत पाठव. लांब मानेचा नवा नळ सोबत आहे. याच्या कडा मी स्वतः भिंगातून तपासल्यात. त्याचा फोटोही पाठवलाय मोबाईलवर, मिळाला असेल. टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या काढला. तंबू नाही, चादर नाही, दाढीवाला नाही. तुम्ही लोक तीन वर्षं नक्की काय शिकता?

मार्चमध्ये येणं कठीण दिसतंय. सहाही चाकं फिरताहेत. जेवायला बसलो तरी कुणीतरी हाक मारतं.

स्टँडचे वडील काय करतात? सहज विचारतो. मामी विचारते.

मामा


१३ फेब्रुवारी

मामा,

आधी पॉलिशकाकांच्या घरी जा. मग पुढचं वाच. खरंच जा, मी थांबते.

गेला नसशील. तर ऐक. ते काळे पट्टे मी लावलेत. तंबूच्या आत, नळाच्या दोन्ही बाजूंना, काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या उभ्या केल्या. नळाला पांढऱ्यात मधेच काळं दिसलं, म्हणून त्याच्या कडा उठल्या. चकाकी तुला पाण्यासारखी वाटली ती त्या काळ्यामुळेच. तू ज्याला जळकं म्हणालास, त्यासाठी सरांनी वर्गात पहिल्यांदाच दिवा चालू ठेवला.

चूक माझीही आहे. ताट वाढायला गेले आणि त्यात काय आहे ते सांगितलं नाही.

आता तुझा फोटो. उभ्या उभ्या काढलेला. मी तो मोठा करून बघितला. सवय तुझ्याकडूनच आलीय, आईकडून नाही. नळाच्या मानेवर तुझं पोट आहे, ते जाऊ दे. त्याच्या मागे खिडकी. खिडकीखाली ओळीने चाकं, आणि चाकांवर गोणपाटं. सगळ्या चाकांवर. ऊन जमिनीवर जवळजवळ उभं पडलंय, सावल्या बुटक्या आहेत, म्हणजे भर कामाची वेळ. एकही माणूस नाही. कोपऱ्यात स्टुलावर मामी एकटी खोकी जोडतेय, आणि खोकी जिथे छताला टेकायची तिथे रिकामी भिंत दिसतेय.

तू माझा दाढीवाला पकडलास, मी तुझा कारखाना पकडला. फिट्टंफाट. आता सांग, काय झालंय? आणि "काही नाही गं" असं लिहायचं असेल तर त्यासाठी नवं खोकं वाया घालवू नकोस.

एक सुचतंय. परीक्षेला तुझ्या या फोटोसारखाच फोटो करावा का? मुद्दाम. नळाच्या पोटात तुझा कारखाना, काका, मामी, चाकं. सरांना अर्थ असलेले फोटो आवडतात. बाहेरून येणारे परीक्षक जाहिरातवाले आहेत, त्यांना तर अर्थ फारच आवडतो म्हणे. मार्क हमखास.

चिंगी


२१ फेब्रुवारी

चि. चिंगीस,

गेलो होतो. पत्र अर्धं वाचून ठेवलं आणि गेलो.

काका दारातच म्हणाले, "नळ आणलात की नोटीस?" मी टेबलावर नळ ठेवला. माझी काळी छत्री उघडून त्याच्या एका बाजूला धरली. नळावर काळा पट्टा उठला. छत्री बाजूला केली, पट्टा गेला. पुन्हा धरली, पुन्हा आला. काकांनी शांतपणे पाहिलं.

"म्हणजे नळ चांगला होता."

"होता."

"इतकी वर्षं प्लेटिंग बघताय आणि छत्री ओळखता येत नाही?"

"फोटोत नाही आली ओळखता."

"मग घरात ती मिटा आधी. आणि चहा घ्या."

दुसऱ्या दिवसापासून यायला लागले. आता मला मालक न म्हणता छत्रीवाले म्हणतात. मामी सोडून दुसरं कुणी ऐकायला नाही, म्हणून चालवून घेतो.

कुणी नाही, हे खरं आहे. जे बांधकामवाले माझा माल घ्यायचे त्यांनी हलक्या धातूचे ओतीव नळ घ्यायला सुरुवात केली. वजनाला अर्धे, दिसायला तेच, वर्षभरात गळायला लागतात. पण तोवर फ्लॅट विकलेला असतो. कामावरची पोरं एकेक करून गेली. मीच म्हटलं, जा, दुसरीकडे चाललंय तर इथे कशाला थांबता. काका गेले नाहीत, कारण त्यांना माझ्यावर रागवायची सवय लागलीय. चाकांवर गोणपाटं मीच टाकलीत, धूळ बसते म्हणून. खुर्च्या भाड्याने देणारा एक जण मागे लागलाय, शेड त्याला खुर्च्या ठेवायला हवीय. त्याला मार्चअखेर सांगतो म्हटलंय. हॉटेलच्या खरेदीबाईंची ऑर्डर आली तर चाकं फिरतील. नाही आली तर चिंगे, मी खुर्च्यांचा राखणदार. बसायला तरी जागा मिळेल.

हे तुझ्या आईला सांगू नकोस. ती लगेच बाबांना सांगेल, आणि ते माझ्याशी बोलायला लागतील.

आता तुझ्या त्या अर्थाविषयी. माझ्या नळात माझा कारखाना, काका, मामी, गोणपाटं? अगं, गिऱ्हाइकाला नळ हवाय, माझं आत्मचरित्र नको. हॉटेलच्या न्हाणीघरात माणूस तोंड धुवायला जातो, माझ्याबद्दल वाईट वाटून घ्यायला नाही. मला स्वच्छ नळ दे. तुझ्या काळ्या पट्ट्यांसकट. त्यात मी नको, तू नको, स्टँडही नको, मग तो कितीही सरळ बसला तरी.

पण मार्क तुझे आहेत. औषधाच्या दुकानात तुला उभं राहायचंय, मला नाही. तेव्हा तुला पटेल ते कर, मी येतो. जे काढशील ते पसंत म्हणेन. फक्त मला खोटं बोलताना बघायचं नसेल तर मी म्हटलं ते काढ.

मामा


१२ मार्च

प्रिय मामी,

मामा गाडीत बसला, मी आणि स्टँड आत्ताच परतलो. तो घरी येऊन काय सांगेल याचा भरवसा नाही, म्हणून तुला खरं लिहून ठेवते.

फोटो मी मामाला हवा होता तसाच काढला. अर्थवाला करून पाहिला होता, लपवत नाही. शेजारच्या सुताराचं दुकान नळात घेतलं, सुतार घेतला, करवत घेतली. झकास झाला. पण त्यात नळ कुणी बघेना, सगळे सुतारच बघायला लागले. मामा गिऱ्हाईक, सुतार नव्हे. म्हणून ठेवून दिला.

मग पुन्हा तंबू. तुझ्या चादरीला भोक पाडलंय, ते मामाने तुला सांगितलं असेलच. ते भोकच छळायला लागलं. त्यातून लेन्स आत बघते, आणि नळालाही ती दिसते. नळाच्या पोटावर मधोमध काळा ठिपका, माशी बसल्यासारखा. दिवा हलवला, चादर ताणली, स्टँडला तीन वेळा रडवला. शेवटी नळच केसभर वळवला, आणि ठिपका चोचीखालच्या सावलीत जाऊन बसला. आम्ही दोघं ओरडलो. घरमालकीण वर आली. ते असो.

परीक्षेला अंधारसरांनी नेहमीप्रमाणे दिवे घालवले. अंधारात मामा खणखणीत आवाजात म्हणाला, "इथेही वीज जाते का?" सगळे हसले. मग माझ्या फोटोवर एकच दिवा लागला. मामा उठला, पुढे गेला, आणि खिशातून ते पिवळं फडकं काढून फोटो पुसायला लागला. सर म्हणाले, "अहो, अहो, काय करताय?" तो म्हणाला, "सवय."

मग त्याने फोटो तिरपा धरून बघितला, उलटा धरून बघितला, भिंगही काढलं. जाहिरातवाले परीक्षक म्हणाले, "तंत्र उत्तम आहे. पण यात जीव नाही." मला वाटलं संपलं, आता खोकल्याच्या बाटल्या.

मामा वळला. म्हणाला, "साहेब, जीव पाण्यात असतो. नळात जीव आला तर तो गळायला लागतो."

सर हसले. अंधारसर, मामी! आम्ही त्यांचे दात पहिल्यांदाच पाहिले. परीक्षकांनी विचारलं, "मग तुम्हाला हा पसंत?" मामा म्हणाला, "पसंत. पण यात माझा नळ माझ्या नळाहून चांगला दिसतो. आता मला तसा बनवावा लागणार, एवढाच त्रास आहे."

पास झाले. बाबांना फोन केला. ते "बरं" म्हणाले. मग म्हणाले, "औषधांच्या बाटल्यांचे काढता येतात का गं तसे?"

मामाने दिवसभर स्टँडला त्याची पिशवी धरायला लावली. गाडीत बसेपर्यंत. जाताना त्याला म्हणाला, "हात चांगला आहे, थरथरत नाही." स्टँड तेव्हापासून हवेत आहे.

खरेदीबाई कधी येणार? मला काही कळव. मामा "येईल गं" म्हणतो आणि फडकं काढून चष्मा पुसत बसतो.

तुझी चिंगी


३० मार्च

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद. आज मोजत नाही.

या पत्राच्या ओळी वाकड्या येताहेत, कारण टेबल हादरतंय, कारण चाकं फिरताहेत. चार चाकं! ऑर्डर आली, गेलेली पोरं बोलावून घेतली. खुर्च्यांवाल्याला सांगून टाकलं, दुसरी शेड बघ.

कशी आली ते ऐक, सगळ्यांना सांग, बाबांना मी आधीच सांगितलंय. खरेदीबाई काल आल्या. कडक बाई, हसायचं नाही असं ठरवून आलेल्या. बांधकामावरून सरळ इकडे, हातांना चुना. मी कॅटलॉग त्यांच्या पुढ्यात ठेवला. पहिल्याच पानावर तुझा तो लांब मानेचा. बाईंची वाचाच बसली. मी नळ दाखवायला उठलो, तर हाताने थांबवलं, म्हणजे आता नळ बघायची गरजच नाही. अगं, तुझ्या फोटोपुढे मी एक शब्द बोललो नाही. मी! गप्प बसून राहिलो आणि फोटोने माल विकला. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "सगळ्या खोल्यांना द्या." झालं.

तुझ्या बाबांना फोन करून म्हटलं, "तुमच्या लेकीच्या एका फोटोने माझा कारखाना उभा केला. तुमच्या दुकानात उभी राहिली असती तर काय झालं असतं?" ते म्हणाले, "माझ्या बाटल्यांचं कधी करतेय विचारा." बोलायला लागलेत, माझी शांतता गेली.

काका म्हणतात पुढच्या कॅटलॉगला त्यांचाही फोटो हवा. बाजूने.

आता लिहीत नाही, हाक मारताहेत. या वेळी खरंच मारताहेत.

मामा


३० मार्च

चि. चिंगी,

खोक्यात ह्यांचं पत्र ठेवता ठेवता हे लिहिते. खोकी मी भरते, तेव्हा सगळी पत्रं मी वाचते. तुझीही. चादरीचं भोक मला फेब्रुवारीतच कळलं होतं.

ऑर्डर आली हे खरं. चार चाकं खरी. काका कालपासून शीळ घालताहेत, तेही खरं.

खरेदीबाईंनी कॅटलॉग उघडला नाही. हे एकटेच बोलत होते, चांगला अर्धा तास, आणि पंख्याच्या वाऱ्याने पानं फडफडायला लागली तेव्हा बाईंनी त्यावर चहाचा कप ठेवला. नळ दाखवायला उठले तेव्हा बाईंनी हात वर केला तो ह्यांना थांबवायला नव्हे. हात धुवायचे होते. मी त्यांना मागे मोरीत नेलं. तिथला नळ त्यांनी उघडला, बंद केला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. खाली बोट धरून थेंब पडतो का बघितलं. मग विचारलं, "हा कधीचा?" म्हटलं, "कारखाना काढला तेव्हाचा. वॉशर एकदा बदललाय." त्या म्हणाल्या, "हाच द्या."

तो कॅटलॉगमध्ये नाही.

मामी